उलट्या फेऱ्याचं विमान

बंद डबा दिसला की मला तो उघडून पाहावाच लागतो. ही माझी जुनी खोड. अमरावतीच्या एका कॉलेजात केमिस्ट्रीच्या लॅबमध्ये सहायक म्हणून जन्म काढला, तिथंही नव्या मालाची खोकी सगळ्यात आधी मीच फोडायचे. सर म्हणायचे, बाई, यादीशी ताळा तरी करू द्या. यादी कुठं पळून जाते? आत काय आहे ते आधी बघू, असं माझं.

तर गेल्या हिवाळ्यात मी दादाकडं गेले होते. दादा म्हणजे माझा थोरला भाऊ, माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. भातकुलीच्या बाजूला आमची काळ्या मातीची शेती आहे, तूर-कपाशीची, ती तोच पाहतो. वहिनीनं त्या दिवशी जुनी लोखंडी पेटी साफ करायला काढली होती. गोधड्या निघाल्या, एक फुटका कंदील निघाला आणि तळाशी एक लांबट चपटं खोकं निघालं, पातळ दोरीनं बांधलेलं. झाकणावर लाल विमानाचं चित्र होतं, रंग उडालेलं. दोरीची गाठ कधीच सुटलेली नव्हती.

"हे काय आहे?" मी विचारलं.

"ठेव ते तिथंच," दादा ओट्यावरून म्हणाला. त्याला खोकं दिसलंही नव्हतं. दोरी करकरली तेवढ्यावरून त्यानं ओळखलं. "आता त्याचं काय करतं तू?"

ठेव म्हटल्यावर ठेवणारी मी नव्हे. गाठ सोडली. आत पिसासारख्या हलक्या लाकडाचे पत्रे होते, त्यांच्यावर पंखाच्या फासळ्यांचे आकार छापलेले. दोन इवलीशी चाकं, तारेचे तुकडे, पिवळा पडलेला पातळ कागद, आणि घडी घातलेला मोठा नकाशा. फडक्यात गुंडाळलेलं एक इंजिनही होतं, लिंबाएवढं. खरंखुरं इंजिन, पंखा लावायच्या दांड्यासकट. मी ते हातात घेऊन फिरवून पाहिलं तर जाम.

त्या खोक्याची गोष्ट मला तुटक तुटक ठाऊक होती. दादा अकोल्याला कॉलेजात एक वर्ष होता. तिथले एक सर मुलांना दोरीची विमानं करायला शिकवायचे. ही विमानं आभाळात मोकळी जात नाहीत. मधोमध उभ्या माणसाच्या हातात एक मूठ असते, मुठीपासून दोन बारीक तारा निघून विमानाच्या पंखात शिरतात, आणि विमान त्या माणसाभोवती गोल गोल उडतं. मूठ जराशी वर कलती केली की विमान चढतं, खाली केली की उतरतं. पहिल्या वर्षाच्या पोरांनी फक्त विमान धरायचं, सोडायचं आणि पडलं की धावत जाऊन आणायचं. मूठ हातात मिळायची ती दुसऱ्या वर्षी. सरांनी दादाला हे खोकं दिलं आणि सांगितलं, सुट्टीत घरी बनवून आण. इंजिन त्यानं एका मोठ्या मुलाकडून घेतलं, मामांनी दिलेलं मनगटी घड्याळ देऊन. त्याच सुट्टीत आमच्या वडिलांचा पाय बैलबंडीखाली आला. दादा शेतात राहिला तो राहिलाच. दुसरं वर्ष काही आलं नाही.

त्याबद्दल तो कधी कुरकुरला नाही. खोकं मात्र टाकूनही दिलं नाही. पन्नास वर्षं म्हणजे काही थोडी झाली नाहीत.

आणि आता खोकं उघडलं तर दादाचे डोळे गेलेले. काचबिंदू. उजव्या डोळ्यात काही उरलं नाही, आणि डाव्यानं नळीतून पाहावं तेवढंच दिसतं. त्या नळीत जे येईल ते अजून स्वच्छ दिसतं, पेपरातला मथळासुद्धा तो वाचतो. पण काही हललं की नळीतून निसटतं आणि मग त्याला ते सापडत नाही. हातातून लिंबू घरंगळलं तर तो ते शोधत बसत नाही, नुसता थांबतो. वहिनीनं एक सवय लावून घेतली आहे. त्याच्याशी बोलायचं असलं की हातातलं काम थांबवून त्याच्यासमोर उभं राहायचं आणि हलायचं नाही. पहिल्यांदा ते पाहिलं तेव्हा मला कसंतरीच झालं. डॉक्टर म्हणाले, उरलंय ते सांभाळा, नळी अजून बारीक होत जाईल, किती दिवसांत ते सांगता येत नाही.

म्हणून मी ठरवलं. हे विमान करायचं, उडवायचं, आणि दादाला नळी आहे तोवर ते उडताना दिसलं पाहिजे. त्याला तसं सांगितलं नाही. नुसतं म्हटलं, "मी नेते हे घरी."

"तुले येते का ते?"

"येत नाही. पण नकाशा आहे ना."

तो हसला. "ने मंग. नाई तरी उंदरंच खातीन."

नकाशा मी जेवायच्या टेबलावर पसरला, त्यावर प्लास्टिक टाकलं आणि त्यावरच फासळ्या चिकटवायला घेतल्या. नवरा महिनाभर मुलाकडं पुण्याला गेला होता, ते एक बरं झालं, टेबल अडवल्याची कटकट नाही. ते लाकूड ब्लेडनं कापताना हाताला लागतच नाही, इतकं मऊ. पण जुनं होऊन कुरकुरीत झालं होतं, दोन फासळ्या नुसत्या पकडल्या तर मोडल्या. इंजिन आतल्या एरंडेलाचा गोंद होऊन बसलं होतं. आमच्या लॅबमध्ये बुरेटचे असले कितीतरी जाम नळ मी सोडवले आहेत. स्पिरिटमध्ये बुडवून ठेवलं, मग गरम पाण्यात, मग पुन्हा स्पिरिटमध्ये. तिसऱ्या दिवशी दांडा फिरला आणि आतून तपकिरी घाण आली. मला इतका आनंद झाला की मी कोणाला तरी सांगायला फोन उचलला, आणि मग कोणाला सांगू ते सुचेना, म्हणून खाली ठेवला.

नकाशा वाचताना दोन गोष्टी मला खटकल्या. एक म्हणजे शेपटीवरचं उभं पान सरळ नव्हतं, उजवीकडं वळवलेलं दाखवलं होतं. दुसरं, उजव्या पंखाच्या टोकात शिशाचा एक बारीक तुकडा बसवायला सांगितलं होतं. आता विमान म्हटल्यावर दोन्ही बाजू सारख्या नकोत? एकीकडंच वजन कशाला? खूप डोकं खाजवलं. शेवटी सांगितलं आहे तसं केलं. इथवर मी शहाण्यासारखी वागले, हे लिहून ठेवते, कारण पुढं तसं म्हणता येणार नाही.

तारा पंखातून बाहेर काढायच्या आधी एकदा गोल फिरायचा सराव करावा म्हणून मी रविवारी दादाकडं गेले. अंगणात सुतळीला रिकामा डबा बांधला आणि गरगर फिरले. नकाशात तारा डाव्या पंखातून निघत होत्या, म्हणजे विमानाचा डावा पंख माणसाकडं आणि फिरणं डावीकडून. मी तसंच फिरत होते.

वहिनी दारात आली आणि जागीच थबकली.

"ताई, उलट्या काहून फिरून राहिल्या?"

"विमान तसंच फिरतं," मी म्हटलं.

"देवाले फेरा घालतो त उजवा हात देवाकडं ठेवतो. हा त उलटा फेरा झाला. उलटा कुठी घेतात ते तुमाले मी काय सांगू."

ती आत गेली. दादा ओट्यावर बसला होता. मी हसण्यावारी नेलं. मयताभोवतीचा फेरा आणि खेळण्यातलं विमान, यांचा काय संबंध? वर्षानुवर्षं पोरांना ओरडत आले, जे दिसतं ते लिहा, मनाचं लिहू नका. पण एसटीत बसले आणि ते शब्द डोक्यातून जाईनात. दादाच्या डोळ्यांचं असं चाललेलं. त्याच्यासाठी करायचं पहिलंच काम, आणि ते उलट्या फेऱ्यानं? उगाच कशाला, असं वाटायला लागलं. उगाच कशाला म्हणून माणसं काय काय करतात ते मी जन्मभर पाहिलं आणि नाकं मुरडली. घरी पोचले आणि तारांची भोकं डाव्याऐवजी उजव्या पंखात पाडली. पंखातला तो तीनकोनी पत्रा, तारा ज्याला बांधतात, तोही फिरवून बसवला. शेपूट आणि शिसं होतं तिथंच राहिलं. आता विमान सुलटं फिरणार होतं. कोणाला काही सांगितलं नाही.

वर पतंगाचा पिवळा कागद लावला, कारण खोक्यातला कागद हात लावताच फाटत होता. त्यावर पातळ लॅकर मारलं की कागद ढोलकीसारखा ताणला जातो. इंधन रॉकेल, एरंडेल आणि इथर मिसळून करायचं. इथरसाठी सायन्सचं सामान विकणाऱ्या ओळखीच्या दुकानदाराकडं गेले. तो म्हणाला, बाई, रिटायर झाल्यावरही तुमचं सुटत नाही. मी म्हटलं, सुटेल कसं.

तूर निघून गेली होती, शेत मोकळं होतं. पण काळ्या मातीला अशा भेगा पडलेल्या की ती इवली चाकं पहिल्याच भेगेत जातील. दादानंच उपाय काढला. "खयं करा," तो म्हणाला.

खळं म्हणजे पूर्वी पीक मळायला करायचे ती सारवलेली गोल जागा. मधोमध लाकडी खांब रोवायचे आणि त्याभोवती बैल धान्यावरून फिरवायचे. आता यंत्रं आली, आमच्या शेतात कितीतरी वर्षांत खळं झालं नव्हतं. सबंध खळं आम्हीही केलं नाही. मधे उभं राहण्यापुरता एक लहान गोल, आणि तिथून तीस फुटांवर विमान धावायला वाकडी पट्टी. वहिनीनं पाणी मारलं, माती चोपली, शेणानं सारवलं. कमरेवर हात ठेवून तिनं ती जागा पाहिली आणि म्हणाली, "सासऱ्यानं पायलं असतं त हसले असते." पण तिला ते आवडलं होतं, हे दिसत होतं.

पहिल्या दिवशी मूठ मी धरली. दादा म्हणाला, "मले दिसत नाई, मी काय उडवतो. तू उडव, मी पाहातो." तो धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, खुर्ची टाकून बसला. मी इंधनाची बाटली उघडली आणि तो वास त्याच्यापर्यंत गेला. त्यानं मान वर केली.

"हाच," तो म्हणाला. "अकोल्याचा वास."

इंजिन सुरू करणं म्हणजे शिक्षा आहे. बोटानं पंखा फटकन फिरवायचा, नाही पेटलं की पुन्हा, आणि मधेच ते उलटा झटका देऊन बोटावर सडकून मारतं. बोट सुजलं. मग एकदम पेटलं. वहिनीनं कानावर पदर घेतला. विमान तिच्या हातात देऊन मी धावत मधे आले, मूठ धरली आणि मान हलवली. तिनं सोडलं.

पट्टीवरून ते सुसाट निघालं, उचललं आणि माझ्या उजवीकडून फिरायला लागलं. जेमतेम अर्धा फेरा. मग हातातला ताण एकदम गेला. तारा सैल पडल्या, विमान बाहेर खेचायचं सोडून माझ्याचकडं वळलं, आणि मला काही कळायच्या आत उजवा पंख खाली करून मातीत घुसलं. इंजिन बंद.

"कुठी गेलं?" दादानं विचारलं.

तो अजून समोर पाहत होता. त्याच्या नळीसमोरून ते एकदा गेलं असेल, डोळ्याची पापणी लवेपर्यंत. त्याला आवाज ऐकू आला होता, विमान दिसलं नव्हतं.

"पडलं," मी म्हटलं. स्वतःचा राग आला होता.

तुकडे खुर्चीजवळ आणून ठेवले. त्यानं एकेक हातात घेतला, चाचपला. शेपटीपाशी त्याची बोटं थांबली. मग पंखाच्या टोकापाशी. मग तारांच्या भोकापाशी.

"शेपूट बाहेरच्या बाजूले वयवलेलं असते," तो सावकाश म्हणाला. "म्हणजे विमान सारखं बाहेर ओढते, अन् तारा ताठ राहातात. शिसंबी बाहेरच्या पंखात, त्याच्याचसाठी. सर सांगे. तारा डाव्या पंखातून निंघतात. तू उजव्यातून काढल्या. मंग शेपटानं त्याले आत वयवलं, दुसरं काय करीन ते." तो थांबला. "कोणं सांगतलं तुले?"

वहिनीच्या चेहऱ्याकडं मला पाहवेना. "कोणी नाही सांगितलं. माझीच अक्कल," मी म्हटलं.

पण वहिनी मूर्ख नाही. ती खळ्याच्या कडेला बसून राहिली, आणि नंतर घरी जेवायलाही बसेना. मला वाटलं, आता हे प्रकरण इथंच संपलं. उलटा फेरा घ्यायचा तर ही मनातून कष्टी होणार, सुलटा घ्यायचा तर विमान पडणार. शेपूट आणि शिसं दोन्ही फिरवून बसवता आलं असतं, पण शेपूट चिकटलेलं, ते सोडवताना उरलंसुरलं लाकूड हाती लागलं नसतं.

दुपारी उन्हं कलल्यावर दादा म्हणाला, "मले खयावर ने."

आम्ही तिघं गेलो. तो मधल्या गोलाच्या कडेला उभा राहिला. "आपले बैल खयावर कसे फिरत?" त्यानं विचारलं. "उजवे का डावे?"

मला आठवेना. वहिनीनं सासरी येऊन दोनतीनच खळी पाहिली होती, तिलाही आठवेना. दादानं डोळे मिटले. उजवा हात जरासा उचलला, त्यात तुतारी, म्हणजे बैल हाकायची काठी, असल्यासारखा. तोंडानं बैलांना हाकायचा तो आवाज काढला आणि चालायला लागला. वयाच्या दहाव्या वर्षापासून पोरपणाचे किती हिवाळे तो असा बैलांमागून चालला असेल. एक फेरा झाला, दुसरा झाला. त्याचा डावा खांदा मधल्या बाजूला होता.

"डावे," तो म्हणाला आणि डोळे उघडले. "मले आठवत नाई, पण पायाले आठवते." मग तो वहिनीच्या दिशेला वळला. ती त्याच्यासमोर उभी राहून स्थिर झाली होती. "याच फेऱ्यानं दाणा घरी आला. सारी जिंदगी तोच खाल्ला आपण."

वहिनीनं पायाखालच्या सारवलेल्या पट्टीकडं पाहिलं. मग म्हणाली, "मंग चालते." आणि घरी जाऊन तिनं दोन भाकरी खाल्ल्या.

विमान मोडलं होतं ते वेगळंच. तसलं लाकूड अमरावतीत मिळेना, अकोल्याला फोन केले, तिथंही मिळेना. दादानं गोठ्यातल्या कडब्यातून ज्वारीचे चार धांडे मागवले, वरचं साल नखानं सोललं आणि आतला गाभा मला दिला. लहानपणी त्याचीच बैलबंडी करून द्यायचा मला. वजन काहीच नाही. मोडलेल्या फासळ्यांच्या जागी त्यानं ते तुकडे बोटांनीच मापून बसवले, न पाहता, आणि माझ्यापेक्षा सरळ बसवले. तारांची भोकं पुन्हा डाव्या पंखात आली.

दुरुस्त झालेला सांगाडा मांडीवर घेऊन मी संध्याकाळच्या एसटीत बसले होते. खिडकीतून झाडं मागं पळत होती आणि पुढच्या सीटची दांडी माझ्यासमोर स्थिर होती. तिच्याकडं पाहता पाहता मला आठवलं. त्या अर्ध्या फेऱ्यात विमान हललं नव्हतं. खरंच नव्हतं. मी मधे फिरत होते, विमान माझ्यापुढं जागच्या जागी उभं होतं आणि त्याच्यामागून शेत, बांध, खुर्चीतला दादा असं सगळं पळत होतं.

घरी आल्या आल्या कॅलेंडरचा कागद गुंडाळून नळी केली. छताच्या पंख्याच्या एका पात्याला चमचा बांधला, पंखा एकावर लावला आणि दारातून नळीनं पाहिलं. चमचा नुसता चमकून जायचा, कितीही प्रयत्न केला तरी पकडता येईना. दादा बांधावर बसून जे पाहत होता ते हेच. मग पंखा बंद केला, चमचा दोरीला बांधला, नळी डोळ्याला लावली आणि स्वतःच दोरी धरून फिरले. चमचा नळीत. दुसरा फेरा, चमचा नळीतच. त्याच्यावरचा ओरखडासुद्धा दिसत होता. मला गरगरलं, मी सोफ्यावर आदळले आणि तिथूनच दादाला फोन लावला.

"दादा, बाहेर बसून तुला ते कधीच दिसणार नाही. मधात उभा राह्यलास तर दिसेल. मधातल्या माणसापुढं ते हलतच नाही."

"सर हे नाई बोलले कधी," तो म्हणाला.

"सरांना सांगायची गरज पडली नसेल."

"अन् मी पाडलं त? आता दुसरं लाकूडबी नाई."

"मी पाडलंच ना एकदा. तू पाडलंस तर फिटंफाट."

आठवडाभर त्यानं सराव केला. मूठ त्याच्या हातात, आणि तारांची दुसरी टोकं धरून वहिनी त्याच्याभोवती चालायची, डावीकडून. हात सरळ, मनगट हलवायचं नाही, वर-खाली करायचं ते खांद्यातून, हे मी फोनवरून बजावत होते, जसं काही मला फार येत होतं. एका संध्याकाळी वहिनीचाच फोन आला. "ताई, हे म्हणतात तू चालून राहिली तरी दिसून राहिली." एवढं बोलून तिनं फोन दादाच्या हातात दिला.

इकडं मी कागद लावत होते. पिवळा कागद डाव्या पंखाच्या खालच्या बाजूला अगदी टोकाशी कमी पडला, तळहाताएवढा. संक्रांत होऊन गेलेली, दुकानात पिवळा उरला नव्हता, लाल होता. लाल लावला. खालची बाजू, कोण वाकून पाहतंय? आणि ज्याच्यासाठी हे चाललंय त्याला काय दिसणार? हे मी मनात म्हटलं. आता लिहितानाही लाज वाटते, पण म्हटलं होतं.

दुसऱ्या वेळी आम्ही सकाळी लवकर गेलो, वारा नसतो तेव्हा. वहिनीनं खळं पुन्हा सारवून ठेवलं होतं. दादाला मी मधल्या गोलात उभं केलं, मूठ हातात दिली. विमान मी पट्टीवर ठेवलं आणि त्याला म्हटलं, "दिसतंय?"

"दिसते. नाकापासून शेपटापर्यंत."

"त्याच्यावरून नजर काढू नकोस. बाकी सगळं पळू दे."

इंजिन चौथ्या फटक्याला पेटलं. वहिनी बांधावर हात जोडून उभी. मी विमान सोडलं.

पट्टी संपायच्या आत ते उचललं. पहिला फेरा वेडावाकडा गेला, चढलं, एकदम खाली आलं, मातीपासून वीतभर वर. मी डोळे मिटून घेतले. आवाज चालूच होता म्हणून उघडले. तारा ताठ होत्या, विमान सारखं बाहेर ओढत होतं. दादा पावलं मोजल्यासारखा टाकत फिरत होता, जसा त्या दुपारी खळ्यावर फिरला तसाच, डावा खांदा आत. तिसऱ्या फेऱ्यात त्यानं हात खांद्यातून वर नेला आणि विमान चढलं, आमच्या डोक्यापेक्षा वर, पिवळं, उन्हात. त्याची पाठ माझ्याकडं आली, मग चेहरा, मग पाठ. चेहरा आला की मी पाहायचे आणि काही कळायचं नाही. दिसतंय का, हे त्याला ओरडून विचारावंसं वाटत होतं, पण इंजिनच्या त्या किंचाळण्यात माझं कोण ऐकणार. आणि तारांच्या ओढीवरच तो फिरत असेल, दिसत काहीच नसेल, तर? ते ऐकायची माझी तयारी नव्हती.

टाकीतलं इंधन संपलं. आवाज तुटला. विमान तरंगत एक फेरा गेलं, तुरीच्या खुंटांत टेकलं आणि नाकावर पालथं झालं. पंखा मोडला, बाकी शाबूत.

दादा फिरायचा थांबला, पण त्याचं जग काही थांबलं नसावं. तो दोन पावलं डुलला आणि तिथंच शेणानं सारवलेल्या गोलात मांडी घालून बसला. मूठ अजून हातात. वहिनी आणि मी धावत गेलो. वहिनी त्याच्यासमोर येऊन स्थिर उभी राहिली.

त्यानं बाहीनं डोळा पुसला.

"डाव्या पंखाले खालून लाल ठिगय काहून लावलं वं?" तो मला म्हणाला.

"पिवळा कागद संपला होता," मी म्हटलं, आणि मला रडू आलं.